घरचं साहित्य, आमची भट्टी: नानकटाई करून घेण्याआधी

दिवाळी जवळ आली की मैदा, तूप आणि साखर घेऊन आपण आमच्याकडे येता आणि डबे भरून नानकटाई घेऊन जाता. साहित्य आपलं, प्रमाण आपल्या घरचं. मळणं, वळणं, भाजणं आमचं. त्याची करणावळ आम्ही मैद्याच्या किलोवर घेतो. आजीच्या किंवा आईच्या हातची जी चव असते ती बदलायचा आम्हाला हक्क नाही, असं आम्ही मानतो. पण वाटीभर मैद्याची नानकटाई जेव्हा 5 किलोची करायची असते, तेव्हा तीच चव राखायला काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. त्या इथे लिहिल्या आहेत.

वाटीचं प्रमाण किलोत नेताना

सगळ्यात जास्त नानकटाई बिघडते ती इथे. घरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: 4 वाट्या मैदा, 2 वाट्या तूप, 2 वाट्या पिठीसाखर. मग दुकानातून 2 किलो मैदा, 1 किलो तूप आणि 1 किलो पिठीसाखर येते. वाचायला हे बरोबर वाटतं, पण वाटी मोजते ती जागा, वजन नाही. 200 मिलीच्या वाटीत मैदा साधारण 120 ग्रॅम मावतो, तूप 180 ग्रॅम आणि पिठीसाखर 100 ते 105 ग्रॅम. म्हणजे त्या चिठ्ठीप्रमाणे 2 किलो मैद्याला तूप लागतं दीड किलो आणि पिठीसाखर सुमारे 875 ग्रॅम. एक किलो तूप आणलंत तर अर्धा किलो कमी पडलं आणि साखर वर झाली. अशी नानकटाई कडक होते, गोडमिट्ट लागते, आणि दोष मात्र भट्टीवर येतो.

म्हणून एक विनंती आहे. ज्या वाटीनं घरी करता ती वाटी घेऊन या. मैदा चाळून सैल भरता की दाबून भरता, तेही सांगा, कारण चाळलेला मैदा त्याच वाटीत 100 ग्रॅमच भरतो. आम्ही आपल्यासमोर एकेक वाटी तोलतो आणि वजनाचं प्रमाण त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून देतो. पुढच्या वर्षी तोलायची गरज नाही.

काही घरांतून शेर-पावशेरातल्या चिठ्ठ्या येतात. त्या आम्हाला फार मोलाच्या वाटतात. जपून ठेवा, प्लास्टिकच्या पाकिटात घाला. देशात मेट्रिक वजनं 1958 च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्यानं आली. त्याआधीचा 80 तोळ्यांचा पक्का शेर 933 ग्रॅमचा होता, तर आज आपण 250 ग्रॅमला पावशेर म्हणून मोकळे होतो. सगळंच साहित्य वजनी शेरात असेल तर प्रमाण बिघडत नाही. अडचण येते ती पीठ मापट्यानं आणि तूप तराजूनं घेतलेलं असेल तेव्हा. अशी चिठ्ठी असेल तर एक दिवस आधी या. अर्ध्या किलोचा घाणा करून, चव बघून मग मोठा घाणा ठरवू.

तूप

नानकटाईचा सगळा जीव तुपात आहे. साजूक तूप आणणार असाल तर ते थिजलेलं, पण बोट सहज रुतेल इतकं मऊ असावं. रात्री वितळवून सकाळी पातळच आणलंत तर ते फेसलं जात नाही. फेसताना तुपात हवा धरली जाते, आणि तीच नानकटाईला हलकी करते. पातळ तुपात हवा टिकत नाही. नानकटाई पत्र्यावर पसरते आणि चपटी होते. म्हशीच्या दुधाचं तूप जरा घट्ट राहतं म्हणून फेसायला सोपं जातं. गाईच्या तुपाला वास सुंदर, पण उकाड्याच्या दिवसांत ते लवकर सैल पडतं. ते असेल तर सकाळी लवकर या.

फेसलेलं तूप झालं की नाही हे बघायला काही जणी त्याचा थेंब पाण्यात टाकतात. उडदाच्या वाटलेल्या डाळीला ही परीक्षा चालते, तुपाला नाही. तूप न फेसताही पाण्यावर तरंगतंच. रंग बघा. पिवळसर तूप पांढरं दिसू लागलं आणि हाताला मलईसारखं लागलं की झालं.

वनस्पती तुपाची नानकटाई जास्त खुसखुशीत होते हे खरं आहे, आणि पूर्वी बहुतेक घरांतून तेच यायचं. जानेवारी 2022 पासून वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे. पाकिटावर ते वाचून घ्या. आमचं मत विचाराल तर निम्मं साजूक, निम्मं वनस्पती यापेक्षा पूर्ण साजूक तुपाची नानकटाई करावी, भले संख्येनं थोडी कमी. लोण्याची मात्र वेगळी गोष्ट आहे. लोण्यात पाणी असतं, त्यानं मैद्याला चिवटपणा येतो. चिठ्ठीत लोणी लिहिलं असेल तरच आणा.

आणि तूप आणण्याआधी हुंगून बघा. किंचित खवट वास असेल तर वेलची-जायफळानं तो झाकला जात नाही, भाजल्यावर उलट वर येतो.

बाकीचं साहित्य

साखर घरीच दळून, चाळून आणलीत तर उत्तम. रवा किंवा बेसन घालत असाल तर वेगळ्या पिशवीत आणा. नाचणीची नानकटाई हवी असेल तर निम्मा मैदा किंवा कणीक घालावीच लागेल. नुसती नाचणी धरून राहत नाही, डब्यात भुगा होतो.

खाण्याचा सोडा आम्ही तोलूनच घालतो: किलो मैद्याला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. चिठ्ठीत ‘चिमूटभर’ असेल तर आम्ही याहून कमीच धरतो. जास्त सोड्यानं नानकटाई फुलते खरी, पण पिवळट डाग पडतात आणि जिभेवर साबणासारखी चव राहते.

भाजताना

पाव निघाल्यावर भट्टीची आच उतरते, तेव्हा नानकटाईची वेळ होते. 160 ते 170 अंशांवर पंधरा ते वीस मिनिटं पुरतात. आधी चारच गोळे भाजतो. पसरले तर मूठभर मैदा वाढवतो, फुटून विखुरले तर चमचाभर तूप. हे आपल्याला विचारूनच करतो, म्हणून त्या वेळी घरातलं एक माणूस थांबलं तर बरं. वरच्या बारीक चिरा हव्यातच. वरचा थर आधी आवळतो आणि आतून गोळा फुगतो, त्यातून त्या पडतात.

एका वेळी 2 किलोपेक्षा जास्त मैदा आम्ही भिजवत नाही. मोठा गोळा तासभर पडून राहिला तर सोड्याचा जोर जातो आणि पहिल्या पत्र्यावरची व शेवटच्या पत्र्यावरची नानकटाई एकाच घरची वाटत नाही. आपल्याला थोडं थांबावं लागतं ते यामुळे.

किलो मैद्याचं मिश्रण सव्वादोन किलोच्या आसपास भरतं. 25 ग्रॅमचा गोळा धरला तर नव्वदेक नानकटाया होतात. त्या हिशेबानं डबे आणा, आणि कोरडे आणा. तेलाचा जुना डबा कितीही घासला तरी वास धरतो. मध्ये घालायला वर्तमानपत्र नको, शाई तुपात उतरते. बटर पेपर आमच्याकडे मिळेल.

गरम नानकटाई मऊ असते, कच्ची नसते. पूर्ण गार झाल्यावरच डबा भरा, नाहीतर आतल्या वाफेनं सगळी मऊ पडते. घट्ट झाकणात तीन आठवडे छान राहते. बाहेरगावी किंवा परदेशी मुलांकडे पाठवायची असेल तर तसं सांगा. तो पत्रा दोन-तीन मिनिटं जास्त भाजतो, प्रवासात कमी तुटते.

आमच्याकडे अंड्याचे केक आणि सुक्या मेव्याची बिस्किटंही होतात. अंडं चालत नसेल तर पहिल्याच घाण्याची वेळ घ्या. तेव्हा धुतलेलं भांडं आणि वेगळे पत्रे वापरतो. शेंगदाणा, काजू यांची कुणाला गंभीर अ‍ॅलर्जी असेल तर मात्र इथे करून घेऊ नका, ती खात्री आम्ही देऊ शकत नाही.

नाव लिहिलेली पट्टी प्रत्येक पिशवीला आणि डब्याला लावा. उरलेलं तूप, साखर आणि पत्र्यावरचा चुरासुद्धा आपल्याला परत मिळेल.