ऑल-सीझन म्हणजे ऑल-टेरेन नव्हे

‘पावसाळा तोंडावर आलाय, एसयूव्ही आहे, तर ऑल-टेरेन टाकून घ्या, हर मौसम चलेगा.’ दरवर्षी मे महिन्यात इंदूरच्या टायरच्या दुकानांत हा सल्ला मिळतो आणि गिऱ्हाईक मान डोलावून चार टायर बसवून घेतं. दोन्ही नावांत ‘ऑल’ आहे, एवढंच त्यांचं नातं. ऑल-सीझन हा शब्द हवामानाबद्दल बोलतो, म्हणजे रबर किती थंडीत मऊ राहतं याबद्दल. ऑल-टेरेन, दुकानाच्या भाषेत एटी, जमिनीबद्दल बोलतो: नक्षी किती खोल आणि नक्षीतले रबराचे ठोकळे किती दणकट. पावसात डांबरी रस्त्यावर गाडी लवकर थांबेल का, याचं आश्वासन एटी हे नाव देतच नाही.

क्रेटा, ब्रेझासारख्या गाडीबरोबर येतो तो टायर हायवेचा, म्हणजे एचटी. तो तुम्ही रोज चालवताच, त्यामुळे त्याबद्दल जास्त सांगत बसत नाही. बारीक नक्षी, कमी आवाज, साधारण ८ मिलिमीटर खोली. एटीची खोली १० ते १२ मिलिमीटरपर्यंत जाते, वजन वाढतं, ॲव्हरेज पडतं, आणि सिमेंटच्या रस्त्यावर काच बंद असली तरी घरघर ऐकू येते. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि लोक ते खुशीनं सोसतातही, कारण ‘पावसात पकड तर मिळते ना!’ घोळ होतो तो नेमका इथे.

ओल्या डांबरावर टायरला तीन वेगवेगळी कामं करावी लागतात. पहिलं, साचलेलं पाणी बाजूला सारणं. हे मोठ्या खाचांचं काम. दुसरं, रस्त्यावर उरलेला पाण्याचा पातळ थर फोडणं. हे ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरांचं काम. तिसरं, डांबराच्या खरखरीत पृष्ठभागात रबरानं रुतून बसणं. हे रबराच्या मिश्रणाचं काम, आणि त्यात सिलिका महत्त्वाची. एटी पहिल्या कामात हुशार आहे, उरलेल्या दोन्हींत सहसा कच्चा. दगडानं कापलं जाऊ नये म्हणून त्याचं रबर चिवट ठेवतात. खाचा रुंद असल्यामुळे रस्त्याला टेकणारं रबरच कमी असतं. ब्रेक दाबला की ते उंच ठोकळे पुढे वाकतात, आणि ठोकळा वाकला की त्याची कडच टेकते, सपाट भाग उचलला जातो.

आता रोजचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. पलासियाचा सिग्नल, वेग चाळीस-पन्नास, पहिला पाऊस, उन्हाळाभर सांडलेलं तेल आणि धूळ यांचा रस्त्यावर साबणासारखा थर. इथे फूटभर पाणी सारायचं नाहीये, तो पातळ थर फोडायचा आहे. त्याच आकाराचा चांगला एचटी इथे एटीपेक्षा अलीकडे थांबतो, आणि समोर रिक्षा उभी असेल तर हा फरक थेट बंपरवर दिसतो. खोल खाचांचा उपयोग उज्जैन रस्त्यावर नव्वदच्या वेगानं साचलेल्या पाण्यात शिरल्यावर होतो, कारण तिथे टायर पाण्यावर तरंगू लागायची भीती असते. पण ते काम ७-८ मिलिमीटर खोलीचा नवा एचटीही नीट करतो. तरंगतो तो झिजलेला टायर. कायद्यानं १.६ मिलिमीटरपर्यंत चालवता येतो म्हणून लोक तेवढा घासतात. पावसाळ्याआधी खोली ३ च्या खाली गेली असेल तर बदलावा, एटी असो वा एचटी.

‘बरं, पण चिखलात तरी?’ चिखल कोणता, यावर आहे. मुरूम, गिट्टी, दगडगोटे असतील तर एटी बेशक सरस. काही एटी टायरांच्या बाजूच्या भिंतीत जास्तीचा थर असतो, तिथे धारदार दगडाला ते बरे टिकतात. पण माळव्याची काळी माती पावसात भिजली की एटीच्या खाचांत कणकेसारखी चिकटते, चार फेऱ्यांत खाचा बुजतात आणि हातात उरतो गुळगुळीत गोटा. ती माती फेकून द्यायला आणखी रुंद खाचांचा मड टायर लागतो, आणि तोही चाक जोरात फिरवता आलं तरच. पुढची दोनच चाकं ओढणारी गाडी एटी घातल्यानं फोर-बाय-फोर होत नाही, हेही दुकानात कोणी सांगत नाही.

याच घोळात भर घालतात टायरवरची ‘एम+एस’, म्हणजे मड आणि स्नो, ही अक्षरं. ‘एम म्हणजे मड, म्हणजे चिखलात चालणार’ असं छातीठोक सांगितलं जातं. ती अक्षरं नक्षीच्या ठेवणीबद्दल कंपनीनं स्वतः केलेला दावा आहे, त्यामागे बर्फावरची चाचणी असेलच असं नाही. चाचणीचं चिन्ह वेगळं: तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाची पाकळी. जर्मनीनं १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या एम+एस टायरला हिवाळी टायर मानणंच बंद केलं, आता फक्त डोंगराचं चिन्ह चालतं. काळ्या मातीशी दोन्हींचा संबंध नाही.

मग खरा ऑल-सीझन इंदुरात घ्यावा का? त्याची कल्पना थंड देशातली. उन्हाळी रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतं, म्हणून थंडीतही लवचीक राहणारं मिश्रण वापरतात. इंदुरात जानेवारीतली पहाट कधीमधी तिथवर उतरते, पण नऊ वाजेपर्यंत ऊन चढतं. उलट मे महिन्यात पारा ४० च्या वर, डांबर त्याहून कितीतरी तापलेलं. तिथे ते मऊ रबर लवकर झिजतं आणि वळणावर गाडी लिबलिबते. अमेरिकेतले लोक ज्याला ऑल-सीझन म्हणतात तो बहुतेकदा आपल्या एचटीचाच भाऊ असतो, युरोपातला मात्र खरोखर बर्फाकडे झुकलेला. तिकडचे व्हिडिओ पाहून ‘ऑल-सीझनच हवा’ म्हणून अडून बसणाऱ्यांनी आधी हे पाहावं की व्हिडिओ कुठला आहे.

तेव्हा रोज ऑफिस, शाळा, महिन्यातून एकदा ओंकारेश्वर किंवा मांडू, असा वापर असेल तर ओल्या पकडीत चांगला असलेला एचटी, बस. गणेश घाट उतरतानाही हाच. शेत सांवेर-देपालपूरकडे असेल आणि आठवड्यातून दोनदा कच्च्या, खडकाळ वाटेनं जायचं असेल, तर एटी घ्या आणि शहरात दोन गाड्यांचं अंतर जास्त ठेवा. नुसती गाडी रुबाबदार दिसावी म्हणून एटी घेणाऱ्यांना काय सांगायचं? रुबाब ब्रेक लावत नाही.

ओली पकड कशी ओळखावी? अनेक टायरांच्या भिंतीवर ‘ट्रॅक्शन’ शब्दापुढे एए, ए, बी किंवा सी असं असतं. ती सरळ रेषेत ओल्या रस्त्यावर ब्रेक लावून केलेली परीक्षा. एए किंवा ए घ्या. शेजारचा ‘ट्रेडवेअर’, म्हणजे टायर किती टिकेल याचा आकडा दोन वेगळ्या कंपन्यांत ताडून पाहू नका, प्रत्येक कंपनी तो आपापल्या हिशेबानं लावते.

आकार बदलायचा मोह टाळा. क्रेटाच्या २१५/६० आर१७ च्या जागी २२५/६५ आर१७ बसवला की व्यास सुमारे ५ टक्के वाढतो, मीटरवर शंभर दिसत असताना गाडी एकशे पाचनं पळते. आकारापुढचे ९६एच म्हणजे एका टायरवर ७१० किलो भार आणि ताशी २१० किलोमीटर. एटीत भाराचा आकडा याहून कमी असेल तर परत करा. वेगाचं अक्षर बरेचदा एस, म्हणजे १८० असतं. रोजच्या वापराला तेवढं चालतं. आकाराआधी ‘एलटी’ लिहिलेलं असेल तर तो मालवाहू गाडीच्या जातीचा; तेवढाच भार उचलायला त्याला जास्त हवा लागते, दाराच्या चिठ्ठीवरचा आकडा त्याला पुरत नाही.

आणि हो, ‘गरमीत हवा दोन पॉइंट कमी ठेवा’ हे ऐकू नका. हवा कमी असलेला टायर जास्त लवतो, लवण्यानं तापतो, आणि फुटतो तो तापूनच. सकाळी गाडी थंड असताना चिठ्ठीवरचा आकडा भरा.

पैसे देण्याआधी भिंतीवरची शेवटची चार अंकी खूण वाचा: २३२५ म्हणजे टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. चारही टायरांची खूण पाहा, एकाच टायरची नव्हे. दोन ताजे आणि दोन गोदामात पडून राहिलेले असा जोड मिळू शकतो. टायरवर ‘आउटसाइड’ हा शब्द असेल तर बसवल्यावर तो बाहेरून दिसला पाहिजे, बाण असेल तर तो पुढे फिरणाऱ्या दिशेला हवा. एटी घेतलाच असेल तर दर ८,००० किलोमीटरला चाकं आलटूनपालटून घ्या, नाहीतर ठोकळे एका बाजूनं झिजतात आणि ती घरघर दुप्पट होते.