दुसऱ्या टीममध्येही नाव घालायचंय? ऑल-स्टार चीअरमधल्या क्रॉसओव्हरची प्रक्रिया

अमेरिकेतल्या ऑल-स्टार चीअर (खासगी जिमच्या टीममधून खेळलं जाणारं स्पर्धात्मक चीअरलीडिंग) जिममध्ये एकाच मुलीने किंवा मुलाने दोन टीमकडून स्पर्धेत उतरणं नेहमीचंच. त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. ट्रायआउट (निवड चाचणी) झाले की कोच विचारतात आणि पालक आनंदाच्या भरात होकार देऊन बसतात. तिथले आपले मराठी आईवडीलही याला अपवाद नाहीत. होकार देण्याआधी एवढं पाहून घ्या.

या खेळाची नियामक संस्था असलेल्या यूएस ऑल स्टार फेडरेशनचं खेळाडू-सदस्यत्व हंगामासाठी एकदाच घ्यायचं असतं. जिम त्याच सदस्यत्वावर दोन्ही टीमच्या यादीत नाव चढवते. वयाच्या पुराव्यासाठी जन्मदाखला किंवा पासपोर्ट तयार ठेवा. मूल भारतात जन्मलेलं असेल आणि दाखला फक्त मराठीत असेल, तर पासपोर्टच द्यावा. शिवाय जिमचं संमतिपत्र, आरोग्य विम्याची माहिती आणि मागितल्यास डॉक्टरांचं तपासणीपत्र लागतं.

पात्रता दोन्ही टीमसाठी वेगवेगळी तपासली जाते. वयोगटाला वरची मर्यादा असते, तशी बहुतेक ठिकाणी खालचीही असते. त्यामुळे मोठी मुलगी लहान गटात उतरू शकत नाही, आणि फार लहान मुलगी मोठ्या गटातही. खरी गोम लेव्हलची, म्हणजे टीमच्या कौशल्याच्या पातळीची. लेव्हल २ मध्ये बॅक हँडस्प्रिंग (मागे हात टेकून मारलेली उलटी उडी) चालते, टक (हात न टेकता, गुडघे छातीशी घेऊन हवेत मारलेली कोलांटी) चालत नाही. राउंडऑफनंतरची (हात टेकून, वळून घेतलेल्या उडीनंतरची) टक लेव्हल ३ मध्ये येते. लेव्हल ३ च्या सरावात रोज टक मारणाऱ्या मुलीने सवयीने लेव्हल २ च्या रुटीनमध्ये (स्पर्धेतल्या सादरीकरणात) तीच मारली, तर गुण अख्ख्या टीमचे कापले जातात. म्हणून कोचला आधी विचारा: दोन्ही रुटीनमध्ये हिचं टम्बलिंग (जमिनीवरच्या उड्या-कोलांट्या) नेमकं कोणतं, आणि स्टंटमध्ये ती फ्लायर (वर उचलली जाणारी) असेल की बेस (खालून उचलणारी आणि झेलणारी)?

काही स्पर्धांमध्ये क्रॉसओव्हरवर मर्यादा असतात, विशेषतः हंगामाअखेरच्या मोठ्या स्पर्धांत. त्या त्या स्पर्धेची नियमावली जिमकडून मागून घ्या. क्रॉसओव्हर खेळाडूंची नावं जिमने नोंदणीतच कळवलेली बरी, म्हणजे वेळापत्रकात दोन टीममध्ये अंतर ठेवायला सांगता येतं. रुटीन जेमतेम अडीच मिनिटांचं, पण ते पूर्ण ताकदीचं असतं. लागोपाठ दोनदा उतरणारी मुलगी दमलेल्या हातांनी फ्लायरला झेलत असते. माझ्या मते, टीममध्ये एक जागा रिकामी आहे एवढ्याच कारणासाठी मुलाला क्रॉसओव्हरला पाठवू नये.

दुसऱ्या टीमचं वेगळं शुल्क, जादा सराव, दुखापत झाल्यास आधी कोणती टीम सोडायची आणि भरलेले पैसे परत मिळतात का, हे सगळं सही करण्याआधी ईमेलवर लेखी मागून घ्या.