‘नो-क्लीन’ आणि कोकणची हवा

जून-जुलैची मासेमारीबंदी संपत आली की मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत बोटींची डागडुजी सुरू होते. जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस संच दुरुस्तीच्या टेबलावर येतात. यातली एक तक्रार मेकॅनिकला हैराण करणारी असते: बोटीवर बंद पडतो, दुकानात आणला की चालतो! खापर खाऱ्या हवेवर फुटतं. पण पुष्कळदा तिचा साथीदार बोर्डावर आधीच बसलेला असतो, तो म्हणजे डाख दिल्यावर मागे उरलेला फ्लक्स.

तांब्यावर ऑक्साइडचा थर असेल तर कथील धरत नाही. म्हणून तर कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकतो. सर्किट बोर्डावर तेच काम फ्लक्स जरा सौम्यपणे करतो. त्यात पाइन वृक्षाची राळ असते आणि जोडीला अॅडिपिक, सक्सिनिक अशी सेंद्रिय आम्लं. कल्हईचं भांडं वापरण्याआधी आपण धुतो, बोर्ड मात्र हल्ली बहुतेक वेळा धुतलाच जात नाही.

पूर्वी धुवत असत, तेही सीएफसी-113 या द्रवाने. ओझोनच्या थराला त्यापासून धोका असल्याचं कळलं, 1987चा मॉन्ट्रियल करार झाला आणि हा द्रव हळूहळू हद्दपार झाला. मग धुवावाच लागणार नाही असा ‘नो-क्लीन’ फ्लक्स कारखान्यांत रुळला. त्याच्या नावात एक अट दडलेली आहे: तो पुरता शिजला पाहिजे. शिसेविरहित सोल्डर सुमारे 217 अंशांना वितळतं आणि भट्टीचं तापमान त्याच्याही वर जातं. त्या उष्णतेत बरीचशी आम्लं उडून जातात किंवा खर्ची पडतात, उरलेली राळेच्या थरात कोंडली जातात. हाताने डाख देताना मात्र फ्लक्सची पेस्ट बोटभर पसरते आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक तापवतं फक्त एक सांधा. बाजूची पेस्ट कच्चीच राहते. डबीवर ‘नो-क्लीन’ लिहिलेलं असलं तरी माझ्या मते कोकणातल्या दुरुस्तीच्या टेबलावर त्या शब्दावर विसंबू नये.

हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात प्रत्येक घरातली मिठाची बरणी हे दाखवते. फ्लक्समधली काही आम्लंही अशीच पाणी धरतात. चालू संच स्वतःच्या उष्णतेने कोरडा राहतो, पण बंदीच्या महिन्यांत तो गारच पडून असतो. मग एक दिवस बटण दाबलं जातं आणि पाणी, आयन (विद्युतभार असलेले कण) व विद्युतदाब हे तिघे एकत्र येतात. धन बाजूचा धातू त्या अदृश्य ओलाव्यात विरघळतो, आयन होऊन ऋण बाजूला जातो, तिथे पुन्हा धातू बनून साचतो आणि झाडाच्या फांद्यांसारखा उलट दिशेने वाढू लागतो. बोर्डावरच्या दोन तांब्याच्या पट्ट्यांमधलं अंतर मिलिमीटरच्या अंशाइतकं, त्यामुळे हा पूल लवकर बांधला जातो. तो इतका नाजूक असतो की शॉर्ट झाल्या क्षणी जळूनही जातो. दुकानात संच चालतो तो म्हणून!

उपाय आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, पण सगळी गडबड इथेच होते. ब्रश बुडवून चार हात मारले की राळ विरघळते, अल्कोहोल उडतं आणि राळेत कोंडलेली आम्लं मोकळी होऊन बोर्डभर पसरतात. वर पांढुरकी साय दिसते. अशा अर्धवट सफाईपेक्षा न धुतलेला, नीट शिजलेला फ्लक्स परवडला. म्हणून अल्कोहोल भरपूर घ्यावं, ओलं असतानाच तंतू न सुटणाऱ्या कापडाने टिपून घ्यावं आणि पुन्हा ताज्या अल्कोहोलने धुवावं. हे सुमारे 12 अंशांनाच पेट घेण्याजोगी वाफ सोडतं, तेव्हा तापलेलं आयर्न आधी लांब ठेवावं. पेट्रोल आणि थिनर तर नकोच, त्यांनी प्लॅस्टिक खराब होतं.

समुद्राचं मीठ अल्कोहोलमध्ये फारसं विरघळत नाही. त्यासाठी डिस्टिल्ड वॉटर लागतं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते. विहिरीचं पाणी चालत नाही, कारण ते सुकताना स्वतःचे क्षार ठेवून जातं. बॅटरी काढून, माइक, स्पीकर आणि डिस्प्ले वाचवून धुवावं आणि मग कोमट हवेने चिपखालचा ओलावाही घालवावा.

कारखान्यात धुण्याची वेळ आलीच तर क्षारीय द्रावण फवारतात. राळ मुळात आम्लधर्मी, त्यामुळे तिचा चक्क साबण बनतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. साध्या पाण्याचा पृष्ठताण जास्त असल्याने ते चिपखालच्या फटीत सहज शिरत नाही, तिथेही हे द्रावण पोचतं.

आता लॅकरच्या फवाऱ्याबद्दल. बोर्ड न धुताच त्यावर कोटिंग मारून ‘वॉटरप्रूफ केला’ म्हणणारे भेटतात. पण पाण्याची वाफ अशा थरातून हळूहळू आत जातेच. खाली फ्लक्स असेल तर तो ती धरून ठेवतो, कोटिंगला फोड येतात आणि पुढच्या वेळी धुवायचं म्हटलं तर आधी ते कोटिंग खरवडत बसावं लागतं.