सोयाबीनचं मॉइश्चर आणि आर्थर मॉर्गनचा स्वभाव

दिवाळीला बहीण लेकरांना घेऊन लातूरला आली. भाचा संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या बॅगेत कपडे नावाला आणि सेकंडहँड प्लेस्टेशन मात्र टॉवेलात नीट गुंडाळून आणलेला. लक्ष्मीपूजन आटोपलं की साहेबांनी हॉलमधल्या टीव्हीच्या मागे डोकं घालून वायरी जोडल्या. गेम होता ‘रेड डेड रिडेम्प्शन २’. आला २०१८ साली, गोष्ट १८९९ सालच्या अमेरिकेतली. डच नावाच्या पुढाऱ्याची दरोडेखोरांची टोळी, पाठीवर सरकारी-खाजगी सगळेच, आणि टोळीतला आपला माणूस आर्थर मॉर्गन. आपला म्हणजे त्याला चालवायचं आपण.

मला गेममधलं शून्य कळतं. पण टीपॉयवर भाच्याची वही उघडी पडली होती, तिच्या शेवटच्या पानाकडे लक्ष गेलं आणि मी खुर्ची ओढून बसलो. टोळीतल्या एकेकाचं नाव, पुढे चार-चार अक्षरं. होसिया, चार्ल्स, सेडी, मायका. खाली मित्रांची नावं, त्यांच्यापुढेही अक्षरं, आणि मधून बाण.

“हे काय रे?”

“पर्सनॅलिटी टाइप हाय, मामा. कोण कुणासारखं हाय ते जुळवायलोत. तुमी होसिया.”

“मी कधी दिली ही परीक्षा?”

“तुमची मीच भरली की.”

होसिया म्हणजे टोळीतला म्हातारा, डोकं शाबूत असलेला. मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. फुकटची स्तुती मिळाली की ती कुठल्या नमुन्यावरून काढली हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

तर ही चार अक्षरं म्हणजे मायर्स-ब्रिग्ज चाचणी. कार्ल युंगने १९२१ साली स्वभावांच्या प्रकारांवर पुस्तक लिहिलं. ते वाचून अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी प्रश्नावली रचली. माणूस बहिर्मुख की अंतर्मुख, समोरचे तपशील पाहणारा की त्यामागचा अर्थ शोधणारा, तर्काने चालणारा की मनाने, आधी ठरवून ठेवणारा की ऐनवेळी बघू म्हणणारा. चार जोड्या, प्रत्येकीतून एक अक्षर, एकूण सोळा खाने. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्र रीतसर शिकलेलं नव्हतं. इसाबेलबाईंनी मात्र एक रहस्यकादंबरी लिहिली होती आणि तिला बक्षीसही मिळालं होतं. चाचणीवर टीका करणारे ही गोष्ट टोमणा म्हणून सांगतात. मला ती फार सूचक वाटते, पुढे सांगतो.

आपला खाना वाचला की माणूस म्हणतो, अगदी मीच! याचं एक कारण जुनं आहे. १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकाने वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझं’ वर्णन म्हणून एक कागद दिला. किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांच्या हातात एकच कागद होता, आणि त्यातली वाक्यं स्टॉलवर मिळणाऱ्या एका भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं असं तुम्हाला वाटतं, तुमच्यात न वापरलेली बरीच क्षमता आहे, अशा थाटाची. पहाटे दारात येणारा पिंगळाही ‘मनानं लई मोठे, पण हाताला यश नाही’ एवढंच म्हणायचा आणि आमची आजी सुपात ज्वारी घेऊन बाहेर यायची. पिंगळ्याने निदान कंदील तरी स्वतःचा आणलेला असायचा. आता काही ठिकाणी लेकरांच्या बोटांचे ठसे घेऊन ‘हा डॉक्टर होणार की इंजिनिअर’ याचा रंगीत रिपोर्ट देतात आणि पालक त्याचे हजारो रुपये मोजतात. बोटांच्या रेषांवरून बुद्धीचा कल सांगण्याला विज्ञानाचा काडीचा आधार नाही. नीट आणि जेईईच्या गर्दीत हे इथे सांगून उपयोग होतो की नाही, माहीत नाही. सांगतो आपलं.

फोररची गोष्ट सगळेच सांगतात. मला जी खरी मौज वाटते ती दुसरीच आहे, आणि ती सोयाबीनच्या खरेदीत रोज दिसते.

हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीनला १२ टक्के मॉइश्चरची अट असायची. आमच्या मेहुण्यांचे कट्टे एकदा मी सोबत जाऊन पाहिले. एका कट्ट्यातलं मूठभर सोयाबीन मशीनमध्ये टाकलं, आकडा आला १२.३. नापास. मेहुणे म्हणाले, साहेब, शेजारच्या कट्ट्यातलं बघा. आला ११.८. पास. शेत एक, रास एक, ताडपत्रीही एकच. माल बदलला नव्हता. मशीन थोडं इकडेतिकडे होतंच, आणि माल नेमका रेघेवर उभा होता. कुणाचा माल २० टक्क्यांचा असता तर दहा वेळा मोजूनही तो नापासच, आणि ८ टक्क्यांचा दहाही वेळा पास. गडबड फक्त रेघेजवळच्यांची.

आता माणसं घ्या. हजार जणांना बहिर्मुख-अंतर्मुखचे प्रश्न विचारून गुण मांडले तर चित्र कसं दिसेल? माणसांच्या खरंच दोन जाती असत्या, तर दोन राशी दिसल्या असत्या आणि मध्ये दरी. प्रत्यक्षात एकच रास दिसते, खळ्यावर पडते तशी, मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरती. बहुतेक जण थोडे घुमे, थोडे बोलघेवडे. चाचणी काय करते, तर राशीच्या बरोबर शेंड्यावरून सुरी घालते. सोयाबीनची रेघ निदान कुठेतरी कडेला असू शकते. इथे सगळ्यात जास्त माणसं जिथे उभी आहेत, तिथूनच काप.

मग महिन्याने तीच परीक्षा पुन्हा घेतली तर किती जणांचं अक्षर उलटेल? हे कागदावर काढता येतं, आणि ते काढताना मला दरवेळी तोच आनंद होतो. थोडं सोबत या.

प्रत्येक माणसाचा एक ठिपका काढा. पहिल्या वेळचे गुण आडवे, दुसऱ्या वेळचे उभे. चाचणी अगदी पक्की असती तर सगळे ठिपके एका तिरप्या रेषेवर पडले असते. चाचणी निव्वळ नाणेफेक असती तर गोल ढग झाला असता. खरी चाचणी या दोन्हींच्या मधली, म्हणून ढग तिरपा आणि लांबट, जांभळासारखा. तो किती लांबट हे सांगणारा आकडा म्हणजे सहसंबंध, शून्य ते एक. चांगल्या प्रश्नावलीला साधारण ०.८ ते ०.९ मिळाला तर आम्ही खूश असतो. ०.८ धरू.

आता मधोमध एक उभी आणि एक आडवी रेघ मारा. जांभळाचे चार तुकडे झाले. वर उजवीकडचे दोन्ही वेळा बहिर्मुख, खाली डावीकडचे दोन्ही वेळा अंतर्मुख. उरलेल्या दोन तुकड्यांतल्यांचं अक्षर उलटलं. ते किती, हे मोजायचं कसं? इथे युक्ती आहे. ते जांभूळ दोन्ही टोकांनी दाबून गोल करा. ठिपके रेघ ओलांडून जात नाहीत, रेघाच तिरक्या होतात. पण ढग आता सगळीकडून सारखा, भाकरीसारखा गोल. मग कुठल्या तुकड्यात किती माणसं हे फक्त तुकड्याच्या कोनावरून ठरतं. पाव कोन, पाव भाकरी.

सहसंबंध शून्य असेल तर चारही तुकडे ९० अंशांचे. सहसंबंध वाढला की ‘अक्षर कायम’वाले तुकडे रुंदावतात, आणि किती रुंदावतात? ज्या कोनाची साइन त्या सहसंबंधाइतकी, तेवढ्या अंशांनी. ०.८ म्हणजे चार भागिले पाच. पाया आखताना गवंडी दोरीवर तीन-चार-पाच फुटांच्या खुणा करून काटकोन काढतो ना, त्याच त्रिकोणातला चार फुटांसमोरचा कोन, ५३ अंश. म्हणजे मोठे तुकडे १४३ अंशांचे, छोटे ३७ अंशांचे. दोन छोटे मिळून ७४. भाकरी ३६० ची. ७४ भागिले ३६०, म्हणजे साधारण साडेवीस टक्के. चाचणी चांगली, माणूस तोच, तरी दर पाचातल्या एकाचं एक अक्षर उलटं.

आणि अक्षरं चार आहेत. चारही टिकण्याची शक्यता ०.७९५ चा चौथा घात, म्हणजे ०.४०. दहातल्या सहा जणांचा खाना महिन्याभरात बदलणार, आणि बदललं कुणीच नाही! सहसंबंध ०.९ घेतला तरी शेकडा ४६ जण हलतात. (चारही जोड्या एकमेकींपासून सुट्या आहेत आणि काप बरोबर मध्यावर आहे असं धरलंय. प्रत्यक्षात थोडा संबंध असतो, आकडा थोडा सरकतो.)

इथपर्यंत आल्यावर भाचा म्हणाला, “मामा, भाकरीपसून मला काय बी कळंना.” बहीण आतून म्हणाली, त्याचे बाबाही लग्नाच्या आधी इतकंच ऐकून उठले होते.

म्हणून दुसऱ्या बाजूने आलो. तुमच्या मित्रांच्या अक्षरांवरून भांडणं होतात ना? होतात. आणि मायकावरून? मायका हा टोळीतला विषारी माणूस. त्याच्यावरून मात्र कुणाचंच भांडण नव्हतं. हेच तर. मायका राशीच्या शेंड्यावर उभाच नाही. लेखकाने त्याला कडेला नेऊन ठेवलंय, २० टक्के मॉइश्चरवर. गोष्टीतलं पात्र चार प्रसंगांत ओळखू यायला लागतं, म्हणून त्याचा एखाद-दुसरा गुण ठळक काढतात आणि बाकीचं गाळतात. कापाची सुरी त्याला लागतच नाही. सोळा खान्यांत पात्रं चपखल बसतात आणि शेजारचे काका बसत नाहीत, याचं माझ्या मते हे कारण आहे. कादंबरी लिहिणाऱ्या बाईंनी केलेली चाचणी पात्रांना फिट्ट बसावी यात मला तरी नवल वाटत नाही.

गेमवाल्यांना हा नाद जुना आहे. १९८५ साली रिचर्ड गॅरियटच्या ‘अल्टिमा ४’मध्ये सुरुवातीलाच एक भविष्य सांगणारी बाई भेटायची आणि पेच टाकायची. प्रामाणिकपणा की करुणा? न्याय की त्याग? आठ गुण, बाद फेरीसारखे सात प्रश्न, शेवटी जो गुण उरेल त्यावरून तुमचं पात्र. नम्रता उरली तर तुम्ही मेंढपाळ. म्हणजे पिंगळाच, फक्त कॉम्प्युटरमधला.

मग मानसशास्त्रज्ञ आज काय वापरतात? खाने नाही, पाच पट्ट्या. त्या निघाल्या शब्दकोशातून. माणसाच्या स्वभावातलं जे जे महत्त्वाचं, त्याला भाषेने शब्द केलेलाच असणार, असा तो विचार. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी इंग्रजी कोशातून असे जवळपास १८,००० शब्द वेचले आणि पुढच्यांनी ते गाळत-गाळत पाच गटांवर आणले. आपल्याकडे बसून काढले तर? घुमा, बोलघेवडा, आतल्या गाठीचा, तिरसट, कामसू, धांदरट, लोचट, भिडस्त, चिकट, तालेवार, उंडगा. एका चहात एवढे झाले. मराठीतही हे काम कुणी मनावर घेतलं तर मी फुकट आकडेमोड करून देईन. पट्टीवर तुमची जागा सांगतात, ‘शंभरात साठांपेक्षा जास्त बोलके’ अशी. त्यात गंमत कमी, वहीत लिहायला चार अक्षरंही नाहीत.

तरी भाच्याचा गेम मला त्याच्या वहीपेक्षा शहाणा वाटला. आर्थरच्या पानावर दोन मित्रांनी दोन वेगळे टाइप लिहिले होते आणि दोघांचंही बरोबर होतं, कारण दोघांचा आर्थर वेगळा होता. रस्त्यात कुणी भेटलं की एक बटण दाबून रामराम घालता येतो, दुसरं दाबून शिवी देता येते. गेम त्याची नोंद ठेवतो. खाली एक पट्टी येते, अब्रूची म्हणा, डावीकडे लाल, उजवीकडे पांढरी, आणि त्यावर छोटी खूण सरकत राहते. खाना नाही, पट्टी! मी टाळी वाजवली.

फार लवकर वाजवली. भाऊबीजेच्या रात्री भाच्याने गेम संपवला. ज्यांना पुढे खेळायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडावा. क्षयाने पोखरलेला आर्थर टोळीतल्याच जॉनला पळायला वाट करून देतो आणि डोंगरावर थांबतो. पट्टीवरची खूण पांढऱ्यात असेल तर उगवता सूर्य बघत जातो. लालमध्ये असेल तर मायका गोळी घालतो. शेवट दोन, म्हणून गेमलाही पट्टीवर कुठेतरी रेघ मारावीच लागली. भाच्याची खूण मध्यापासून केसभर लालकडे होती. मायकाने गोळी घातली आणि पोरगं टीव्हीसमोर तसंच बसून राहिलं. संभाजीनगरच्या मित्राला फोन लावला. त्याला सूर्य दिसला होता.

“किती फरक असंल रं दोघांत?”

“असतील दहा-पंधरा रामराम,” मित्र म्हणाला.

सकाळी दूध घेऊन आलो तर हॉलमध्ये पडदे ओढलेले. भाच्याने जुनं सेव्ह उघडलं होतं. आर्थर व्हॅलेंटाइन गावाच्या चिखलातून घोडा हळूहळू नेत होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला रामराम घालत होता.