परिसंघाची कलमे

ब्रिटिश सत्ता झुगारून दिलेल्या १३ अमेरिकी वसाहतींनी आपसांत केलेला करार, आणि त्याच्या आधारे १ मार्च १७८१ पासून १७८९ मध्ये नवी राज्यघटना अमलात येईपर्यंत चाललेली राज्यव्यवस्था. जॉन डिकिन्सन यांच्या १७७६ च्या मसुद्यात मध्यवर्ती सत्ता बरीच भक्कम होती. वर्षभराच्या काटछाटीनंतर १५ नोव्हेंबर १७७७ रोजी काँग्रेसने, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने, जो करार संमत केला, त्याच्या दुसऱ्याच कलमात प्रत्येक राज्याचे सार्वभौमत्व राखून ठेवलेले होते. व्हर्जिनियाने पश्चिमेकडील जमिनीवरचा हक्क सोडण्याची तयारी दाखवेपर्यंत मेरीलंडने सही केली नाही. त्यामुळे अंमल आणखी लांबला.

ही व्यवस्था दुबळी ठरली असे सर्रास लिहिले जाते. खरे तर ती मुद्दामच दुबळी ठेवली होती. लंडनच्या पार्लमेंटने लादलेल्या करांवरूनच भांडण पेटले होते. तोच अधिकार घरच्या काँग्रेसला द्यायला कोणी तयार नव्हते. लोकांच्या लेखी सरकार म्हणजे आपल्या राज्याचे विधिमंडळ आणि न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांत, गावसभा. पेनसिल्व्हेनियाने तर १७७६ च्या आपल्या घटनेत गव्हर्नरपदही ठेवले नाही.

काँग्रेसमध्ये लहानमोठ्या प्रत्येक राज्याला एकच मत होते. युद्ध, तह, कर्ज अशा बाबींना ९ राज्यांची संमती लागे, तर कलमांत बदल करायला तेराही राज्यांची. स्वतंत्र कार्यकारी प्रमुख नव्हता, कायमची न्यायव्यवस्था नव्हती. कर बसवता येत नसल्याने काँग्रेस राज्यांकडे वर्गणी मागे आणि राज्ये ती जमेल तशी, बहुधा अपुरी, भरत. आयात मालावर ५ टक्के जकात घेण्याची योजना १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने अडवली. दुसऱ्या खेपेला न्यूयॉर्क आडवे आले. थकलेल्या पगारासाठी जून १७८३ मध्ये सैनिकांनी फिलाडेल्फियात सभागृहाला वेढा घातला, तेव्हा काँग्रेसला प्रिन्स्टनला निघून जावे लागले. तिथून ॲनापोलिस, ट्रेंटन आणि १७८५ मध्ये न्यूयॉर्क, असा तिचा मुक्काम हलत राहिला.

ॲनापोलिसचा प्रसंग बोलका आहे. स्वातंत्र्य मान्य करणारा पॅरिसचा तह ३ सप्टेंबर १७८३ रोजी झाला. सहा महिन्यांत मंजुरीची पत्रे युरोपात पोचायला हवी होती, आणि इकडे ९ राज्यांचे प्रतिनिधीच जमत नव्हते. दक्षिण कॅरोलिनाचा एक प्रतिनिधी फिलाडेल्फियात आजारी होता. त्याच्या खोलीतच बैठक भरवावी, असाही विचार झाला. अखेर तो आला आणि १४ जानेवारी १७८४ रोजी गणसंख्या कशीबशी भरून तह मंजूर झाला. इंग्रजांनी उशिराचा बाऊ केला नाही, हे नशीबच.

एका बाबतीत मात्र याच काँग्रेसने टिकाऊ काम केले: जमीन. १७८५ च्या अध्यादेशाने ओहायो नदीपलीकडच्या प्रदेशाची सहा मैल बाजूच्या चौरस तुकड्यांत मोजणी ठरली. प्रत्येक तुकड्याचे ६४० एकरांचे ३६ भाग, त्यातला सोळावा शाळेसाठी राखीव. १३ जुलै १७८७ च्या अध्यादेशाने तिथे गुलामगिरीला बंदी केली आणि ६०,००० मुक्त वस्ती झाली की जुन्या राज्यांच्या बरोबरीने नवे राज्य बनण्याची वाट घालून दिली. ही जमीन मूळ रहिवासी जमातींची होती. अध्यादेशात त्यांच्याशी सचोटीने वागण्याचे वचन आहे, पण ते पाळले गेले नाही.

१७८६-८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधले कर्जबाजारी शेतकरी डॅनियल शेज यांच्या नेतृत्वाखाली उठले. काँग्रेसजवळ पैसा नव्हता. व्यापाऱ्यांच्या पैशावर उभारलेल्या राज्याच्या फौजेनेच उठाव मोडला. धनिकांना बसलेला हा धक्का मे १७८७ मधल्या फिलाडेल्फियाच्या परिषदेमागचे एक मोठे कारण होता. कलमांची दुरुस्ती करायला बोलावलेल्या परिषदेने नवी घटनाच लिहिली. ती लागू व्हायला तेरांऐवजी ९ राज्यांची मंजुरी पुरेशी ठरवून जुना एकमताचा नियम सरळ बाजूला सारला. ऱ्होड आयलंडने तिथे प्रतिनिधीच पाठवला नव्हता.

ऑक्टोबर १७८८ नंतर जुन्या काँग्रेसची गणसंख्या पुन्हा भरली नाही. १७७४ पासून तिचे सचिव असलेले चार्ल्स थॉमसन यांनी जुलै १७८९ मध्ये राजीनामा दिला आणि दप्तर व राष्ट्राची मुद्रा नव्या सरकारच्या हवाली केली.