वात्सल्यभक्ती

वात्सल्यभक्ती : देवाशी आई-लेकराचे नाते जोडणारी भक्ती. या नात्यात आई कोण आणि लेकरू कोण, याचे उत्तर मात्र सगळीकडे एकच मिळत नाही. बडोद्यात तर ते एका भिंतीच्या अंतराने बदलते.

भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद जी नवविधा भक्ती सांगतो, तीत दास्य आणि सख्य आहे, वात्सल्य नाही. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात याच नऊ प्रकारांना एकेक समास दिला. त्यामुळे मराठी घरात भक्तीचे प्रकार विचारले, की श्रवणापासून आत्मनिवेदनापर्यंत नऊच मोजले जातात. वात्सल्याचे नाव येते ते नारदभक्तिसूत्रांतल्या अकरा आसक्तींमध्ये. पुढे चैतन्य महाप्रभूंचे शिष्य रूप गोस्वामी यांच्या भक्तिरसामृतसिंधूत (१५४१) ते पाच मुख्य रसांपैकी एक ठरले. त्याच्यावर फक्त माधुर्य, म्हणजे देवाला प्रियकर मानणारा भाव.

गुजरातेत हा भाव रुजवला वल्लभाचार्यांच्या (१४७९–१५३१) पुष्टिमार्गाने, म्हणजे त्यांच्या कृष्णभक्तिपंथाने. या पंथाच्या मंदिराला हवेली म्हणतात. बडोद्याच्या मांडवी भागातल्या कल्याणरायजींच्या हवेलीसारख्या ठिकाणी देव हा नंदाघरचा मुलगा असतो. म्हणून पूजा नव्हे, ‘सेवा’. मंगला, शृंगार, ग्वाल, राजभोग, उत्थापन, भोग, संध्या, शयन अशी आठ दर्शने म्हणजे लेकराचा दिवसच : उठणे, नटणे, गाई राखायला जाणे, जेवणे, निजणे. थंडीत कापूस भरलेले कपडे, समोर शेगडी; उन्हाळ्यात चंदन. श्रावणात हिंडोळा. पुढ्यात खेळणी मांडतात. दार थोडा वेळ उघडते, दर्शन होते, पुन्हा लागते. पायांवर डोके टेकवण्याचा प्रश्नच नाही. आई कुठे लेकराच्या पाया पडते?

गायकवाडांबरोबर आलेल्या मराठी माणसांनी विठोबा आणला, आणि त्याच्याबरोबर उलटे नाते. विठ्ठल पुरुषदेव, तरी ‘विठाई’, ‘माउली’. ज्ञानेश्वरही माउलीच. इथे भुकेला, हट्टी, वाट चुकलेला असतो तो भक्त. जनाबाईबरोबर देव दळायला बसतो, हे आईचेच काम. शास्त्रातल्या वर्गीकरणात या भावाला स्वतंत्र खण नाही. दास्यात घालावे तर जवळीक फार, वात्सल्यात घालावे तर दिशा उलटी. वर्गीकरण करणाऱ्यांनी वारकऱ्यांना विचारलेच नव्हते, असे म्हणायला हरकत नाही.

तरी दोन्ही परंपरा परक्या नाहीत. पंढरपुरात विठ्ठलाने वल्लभाचार्यांना संसार करण्याची आज्ञा केली, अशी पुष्टिमार्गी आख्यायिका आहे. त्यांच्या धाकट्या मुलाचे नाव विठ्ठलनाथ. हवेलीतल्या सेवेचा आजचा थाट पुष्कळसा त्यांनीच बसवला. बडोद्याचे मराठी लोक मांडवीच्या मंदिरातल्या विठोबाला ‘विठ्ठलनाथजी’ म्हणतात आणि एकादशीला त्याच्या पालखीच्या मिरवणुकीला खुशाल ‘वरघोडा’, हा वरातीचा गुजराती शब्द. शेजारच्या नरसिंहजींचा वरघोडा कार्तिकी पौर्णिमेला तुळशीशी लग्न लावायला निघतो. तिथे देव नवरदेव, आणि भक्त वऱ्हाडी.

मराठी घरातही देव लहान होतो, पण वर्षातून मोजक्या वेळा. रामनवमीला दुपारी बारा वाजता आणि गोकुळाष्टमीला मध्यरात्री पाळण्याची दोरी हातोहात फिरते, पाळणा म्हटला जातो आणि सुंठवडा वाटतात. सुंठ बाळंतिणीची. म्हणजे त्या दिवशी घरातल्या साऱ्यांचेच बाळंतपण झालेले असते. पलीकडच्या गुजराती घरातून त्याच वेळी धणे-सुंठीची पंजरी येते.