पूर ओसरल्यावर पुलाच्या अबटमेंटमागे अडकलेलं पाणी: ग्राहकांसाठी माहिती

पूर ओसरला, वाहतूक सुरू झाली, की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. अबटमेंटची, म्हणजे पुलाच्या टोकाशी जोडरस्त्याचा भराव धरून ठेवणाऱ्या भिंतीची, कसोटी मात्र तेव्हाच लागते. पूर असताना तिच्या दोन्ही अंगांना पाणी असतं, त्यामुळे दाब बराचसा तोलला जातो. मांजरा, तेरणा, सिंदफणा यांना मिळणारे ओढे रात्रीतून चढतात आणि तितक्याच झपाट्यानं उतरतात. ओढ्यातलं पाणी निघून जातं, भरावातलं तिथंच राहतं आणि भिंतीला एकाच बाजूनं रेटतं.

हा रेटा किती असतो? चार मीटर उंच भिंतीमागे चांगला कोरडा मुरूम असेल, तर दर मीटर लांबीला साधारण 5 टन. तोच भराव माथ्यापर्यंत पाण्यानं भरला, की 10 टनांच्या वर. त्यातले जवळजवळ 8 टन एकट्या पाण्याचे. उंची दुप्पट झाली तर पाण्याचा रेटा चौपट होतो.

आपल्याकडे यात काळ्या मातीची भर पडते. जवळ मिळते, स्वस्त पडते, म्हणून ती भरावात टाकली जाते. ती पाणी लवकर सोडत नाही आणि भिजली की फुगते. त्या फुगण्याचा दाब वरच्या हिशेबात धरलेलाच नाही. नवीन काम असेल तर आमचा आग्रह एकच: अबटमेंटमागे काळी माती नको.

भिंतीतली वीप होल्स पाणी बाहेर काढण्यासाठीच असतात. साधारण 100 मिलिमीटर व्यासाची, दोन्ही दिशांना मीटर-मीटरवर, बाहेरच्या बाजूला उतार दिलेली. पण नुसती भोकं पाडून भागत नाही. भिंतीमागे पूर्ण उंचीभर किमान 600 मिलिमीटर जाडीचा फिल्टर हवा: भिंतीलगत मोठे दगड, मातीकडे बारीक खडी. फिल्टर नसला तर भोकं गाळानं बुजतात, नाहीतर त्यातून भरावच वाहून जातो आणि वर रस्ता खचतो. म्हणून पावसानंतर भोकातून काय येतं ते जरूर पाहा. नितळ पाणी येत असेल तर ठीक. गढूळ येत असेल तर माती चालली आहे. बाकीची भिंत ओली आणि भोकं कोरडी असतील, तर ती बुजली आहेत.

भिंतीवर ओल आणि पांढरे ओघळ दिसले की अनेक जण बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतात. कृपया तसं करू नका. निजामकाळातल्या दगडी पुलांचे सांधे तर अजिबात गच्च बंद करू नका; पुष्कळदा पाण्याला तेवढीच वाट उरलेली असते.

जुन्या पुलावर आम्ही आधी बुजलेली भोकं साफ करतो. तेवढ्यानं भागलं नाही, तर सळई कुठे आहे ते तपासून कोअर कटिंगनं, म्हणजे गोल कापणाऱ्या ड्रिलनं, नवी भोकं घेतो आणि जिओटेक्स्टाइल (पाणी सोडणारं, माती अडवणारं कापड) गुंडाळलेले छिद्रांचे पीव्हीसी पाइप भरावात आत सरकवतो. पाणी बाहेर येतं, माती आत राहते. वरून शिरणारं पाणी अडवणंही तितकंच गरजेचं आहे, म्हणून जोडरस्त्यावरच्या भेगा, गळके एक्स्पान्शन जॉइंट (स्लॅबच्या टोकाशी ठेवलेल्या फटी) आणि कडेची गटारं त्याच कामात घेतो. यावर होणारा खर्च आम्हाला सर्वांत सार्थकी लागलेला वाटतो.

भिंत आधीच कलली असेल, बेअरिंगपाशी, म्हणजे स्लॅब जिथे भिंतीवर टेकतो तिथे, तो अडकला असेल किंवा पायाखालची माती गेली असेल, तर निचऱ्यानं ते सरळ होणार नाही. अशा वेळी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची तपासणी करून घ्या. तोवर आम्ही भिंतीला हात लावत नाही. पूल जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल, तर त्यांची लेखी परवानगीही लागते.

काम फेब्रुवारी ते मे या काळात करावं. पाहणीची वेळ मात्र वेगळी: जोराचा पाऊस होऊन ओढा उतरला, की दुसऱ्याच दिवशी दोन्ही अबटमेंटचे, कडेच्या भिंतींचे आणि जोडरस्त्याचे फोटो काढून आम्हाला पाठवा. उन्हाळ्यातल्या कोरड्या भिंतीवरून पाणी कुठे अडतं ते कळत नाही.